पलूसचं इंजिन

हेरॉल्ड गाडीचं इंजिन बंद पडलं, तेव्हा चारुशीलाबाईंच्या मनात पहिला विचार आला तो झोपेचा. आता रविवारचीही गेली.

विष्णुपंतांना पक्षाघात होऊन तीन वर्षं झाली होती. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. साताऱ्याच्या हायस्कुलात पस्तीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस. दारातल्या दूधवाल्यालाही ‘पानी’ नव्हे, ‘पाणी’ म्हणायला लावणारा. त्यांच्या गळ्यातून आता एक घरघरता हुंकार तेवढा निघे. डावा हात मात्र शाबूत होता. त्या हाताने ते खाटेची कड वाजवत राहत, दिवसा कमी, रात्री जास्त. चारुशीलाबाई सत्तरीला टेकलेल्या. सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत आयुष्यभर काचपट्ट्या बघितलेली बाई. नवस-अंगाऱ्यांच्या वाटेला कधी गेल्या नाहीत. कूस बदलायची, पुसायचं, भरवायचं, पुन्हा कूस बदलायची. थकवा इतका मुरला होता की तो आता थकवा वाटतच नसे.

एकच गोष्ट पंतांना लागू पडे. ती गाडी. एक्याऐंशी साली हौसेने घेतलेली जुनी, फिकट निळी हेरॉल्ड. कोरेगाव रस्त्यावर गॅरेज असलेले लालासाहेब दर रविवारी सकाळी यायचे, पंतांना उचलून डावीकडच्या सीटवर बसवायचे आणि माहुलीच्या पुलापर्यंत नेऊन आणायचे. चारुशीलाबाई मागे बसत. गाडीच्या थरथरीने तो हात गप्प होई, आणि त्या एका रात्री दोघंही सकाळपर्यंत झोपत.

चैत्रात पुलावरच रेडिएटर उकळला. लालासाहेबांनी बॉनेट उघडलं. हेरॉल्डचं बॉनेट म्हणजे गाडीचं अख्खं तोंडच; ते पुढे कलतं. लालासाहेब पुढच्या चाकावर टेकून आत वाकले, ब्लॉकवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “वैनी, चिरलाय ह्यो. आता ह्यात राम न्हाई.”

लालासाहेब फौजेत गाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेले. उगाच आशा लावायची नाही, हा त्यांचा स्वभाव. त्यांनी सरळ सांगितलं. चीर सांधता येईल, पण चार महिने टिकेल. दुसरं, मारुती व्हॅनचं इंजिन बसवायचं; ते जुन्या गिअरबॉक्सला जोडायची मधली प्लेट कुपवाडला करून मिळते, गाडी सुतासारखी चालेल.

“पन आवाज बदलंल,” ते म्हणाले. “थरथर न्हाई ऱ्हानार.”

“मग नको. त्यांना ती थरथरच लागते.”

“मग ह्येच इंजन धुंडाया पायजे. मिळालं तर मिळालं.”

तीन आठवडे चारुशीलाबाई तुकड्या-तुकड्यांनी झोपल्या. मग लालासाहेबांचा फोन आला. पलूसला एकाच्या शेडमध्ये आहे म्हणतात, बघायला येता का?

पंतांना शेजारणीच्या हवाली करून त्या पिकअपमध्ये बसल्या. कऱ्हाड सोडल्यावर त्यांचा डोळा लागला तो पलूसच्या अलीकडे, द्राक्षबागांवर मारलेल्या औषधाच्या वासाने उघडला. घर बागेच्या कडेलाच होतं. ओट्यावर साठी ओलांडलेली एक बाई सूप मांडीवर घेऊन मटकी निवडत बसली होती. चारुशीलाबाईंनी सवयीप्रमाणे पर्समधली वही काढून नाव-नंबर लिहून घेतला: राहीबाई.

“मालक वारून अकरा वर्सं झाली,” राहीबाई म्हणाल्या. “जोतीराम नाव. मिल्ट्रीत डायवर व्हते. गाडी भंगारात घातली, इंजन तेवढं ठिवलं त्येंनी.” त्यांनी कमरेची किल्ली काढून लालासाहेबांच्या हातात दिली, पण उठल्या नाहीत. “तुमीच बगा. मी न्हाई जात तिकडं.”

शेडमध्ये लाकडी ओंडक्यांवर, ताडपत्रीखाली इंजिन होतं. लालासाहेबांनी ऑइलची पट्टी ओढली, उजेडात धरली. ऑइल नव्यासारखं, मधाच्या रंगाचं होतं. मग पुढच्या नटाला पाना लावून त्यांनी जोर दिला आणि तोल जाऊन पुढे झुकले. इतका जोर लागलाच नाही.

“अकरा वर्सं पडल्यालं इंजन जाम असतंय, वैनी. ह्ये लोन्यागत फिरतंय.”

“चांगलंच आहे की.”

“चांगलंच हाय,” ते म्हणाले, पण पाना काढायला त्यांनी वेळ लावला.

चारुशीलाबाईंनी ब्लॉकवर हात ठेवला. कोमट लागला. वर तापलेला पत्रा होता, दुपारचे दोन वाजले होते. त्यांनी त्याचा फार विचार केला नाही.

निघताना राहीबाईंनी विचारलं, “गाडीत बसनार कोन?”

“आमचे हे. आजारी असतात. बोलता येत नाही त्यांना.”

सुपातला हात थांबला. “बरं,” राहीबाई म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने पुन्हा मटकी निवडू लागल्या.

कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये इंजिन उघडून पाहिलं. बदलण्यासारखं काहीच निघालं नाही. गॅस्केट नवे टाकले, इतकंच.

वैशाखातल्या एका रविवारी गाडी पुन्हा निघाली. तीच थरथर, तोच आवाज. थोडा खालच्या पट्टीतला म्हणता आला असता. पंतांचा हात गप्प झाला. त्या रात्री चारुशीलाबाई नऊ तास झोपल्या.

तिसऱ्या रविवारी, माहुलीचं वळण यायच्या आधी, पुढच्या सीटवरून आवाज आला.

“हळू घे रं, गड्या. घाई न्हाई कसली.”

लालासाहेबांनी करकचून ब्रेक मारला. मागून येणारा टेम्पो शिव्या घालत निघून गेला. पंत समोर पाहत होते. तोंड एका बाजूने वाकडं होतं, पण शब्द स्वच्छ होते. आवाज घोगरा, तंबाखू खाणाऱ्या माणसाचा. पंतांनी आयुष्यात सुपारी खाल्ली नव्हती.

“ऊस लई वाळलाय ह्यो,” ते म्हणाले. “पानी पाजत न्हाई का कोन?”

चारुशीलाबाई रडल्या. लालासाहेबांनी गाडी कडेला घेऊन बंद केली, तसं पंतांचं बोलणं वाक्याच्या मधोमध तुटलं. उरला तो हुंकार.

डॉक्टर म्हणाले, असं होतं. मेंदू नव्या वाटा शोधतो. कधी उच्चार बदलतात, कधी माणूस भलत्याच ढबीत बोलू लागतो. लहानपणी ऐकलेलं काहीतरी वर येत असेल. चारुशीलाबाईंना हे पटलं. प्रयोगशाळेत याहून विचित्र गोष्टींची कारणं सापडलेली त्यांनी पाहिली होती. इंजिन चालू असतानाच का, हा प्रश्न त्यांनी डॉक्टरांना विचारला नाही.

त्या किल्ली फिरवायला शिकल्या. घराच्या बाजूला तिन्हीकडून उघडी पत्र्याची शेड होती, तिथे गाडी उभी असे. शेजारणीच्या मदतीने पंतांना सीटवर बसवायचं, आपण चालवणाऱ्याच्या जागी बसायचं आणि इंजिन चालू करायचं. आधी सकाळी अर्धा तास. मग संध्याकाळीही.

पंत बोलायचे. उसाबद्दल, जम्मूकडच्या घाटांबद्दल, बर्फात डिझेल गोठल्याबद्दल. पंत साताऱ्याच्या उत्तरेला पुण्यापलीकडे गेले नव्हते. चारुशीलाबाई ऐकून घेत. एके दिवशी बोलता बोलता ते थांबले आणि वळून म्हणाले,

“जेवलीस का?”

 लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली होती. भाजीत मीठ कमी आहे, हे पंतांनी सांगितलं होतं. पत्रातल्या वेलांट्या सुधारल्या होत्या. हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

“जेवले,” त्या म्हणाल्या.

“खोटं. त्वांड सुकलंय तुजं. आन् पाय सुजल्यात. वर घिऊन बस की जरा.”

त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्या दिवशी इंजिन दीड तास चालू राहिलं.

आषाढात मुलगी मयूरीचा बंगळुरूहून व्हिडिओ कॉल आला. बाबा बोलतात म्हटल्यावर तिला धीर धरवेना. चारुशीलाबाईंनी शेडमध्ये मोबाइल पंतांसमोर धरला.

“बाबा, मी मयूरी!”

पंतांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. “गुनाची दिसतीया,” ते म्हणाले. “कुनाची पोर ही?”

पलीकडे मयूरी हसत होती, रडत होती. तिला नीट ऐकू गेलं नसावं. पंत चारुशीलाबाईंकडे वळले. चेहऱ्यावर माया होती.

“राहे, तिला च्या दे की.”

चारुशीलाबाईंनी फोन बंद केला. मग इंजिन बंद केलं. ते नाव या घरात कधी उच्चारलं गेलं नव्हतं. ते पर्समधल्या वहीत होतं, आणि पर्स कपाटात होती. लालासाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, “म्या कशापाई सांगू? माज्या तर ध्यानातबी न्हवतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पलूसला फोन लावला.

“राहीबाई, तुमचे मालक शेवटी आजारी होते का?”

“न्हाई. चालत-फिरत गेले.” मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. “बोलत न्हवते तेवढं. माज्यासंगं बारा वर्सं अबोला धरला त्येंनी. शेडात जाऊन त्या इंजनापाशी बसायचे. त्येच्यासंगं बोलायचे. मी भाइर हुबी ऱ्हाऊन ऐकायची.”

चारुशीलाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आता बोलतोय न्हवं?” राहीबाईंनी विचारलं.

“हो.”

“काय म्हंतोय?”

जेवलीस का, असं विचारतो. पाय वर घेऊन बस म्हणतो. हे त्या बाईला सांगायला जीभ रेटेना. “काही विशेष नाही,” त्या म्हणाल्या. “पाण्यापावसाचं बोलतात.”

मागे कोंबड्या कलकलत होत्या.

“माजं नाव घेतोय का?”

“नाही,” चारुशीलाबाई म्हणाल्या.

राहीबाईंनी फोन ठेवला.

पुढच्या रविवारी लालासाहेब आले ते गाडीत बसेचनात. पंत आधीच सीटवर होते, इंजिन चालू होतं. लालासाहेबांनी चारुशीलाबाईंना शेडच्या खांबापाशी बोलावलं.

“वैनी, कुपवाडला मारुतीचं इंजन बगून ठिवलंय. प्लेटबी तयार हाय. येत्या आटवड्यात बदलून टाकतो. माजं मन घेत न्हाई आता.”

“का? गाडी तर छान चालतेय.”

“गाडीचं न्हाई म्हनत मी.” त्यांनी आवाज खाली केला. “तुमी मागं बसता, न्हाईतर ह्या बाजूनं. तुमाला दिसत न्हाई. जरा तिकडनं या.”

ते त्यांना डाव्या दाराशी घेऊन गेले. काच खाली होती. पंत समोर पाहत गावच्या जत्रेतल्या कुस्तीचं काही सांगत होते, वाकड्या तोंडाने हसत होते. डावा हात मात्र खाली, सीट आणि दार यांच्या फटीत होता. त्याने दाराचं हँडल धरलं होतं. तो ते दाबत होता, सोडत होता, पुन्हा दाबत होता. लॉक लागलेलं होतं. दोन बोटांची नखं मुळापासून तुटली होती; खाट वाजवून तुटली असतील, असं चारुशीलाबाई धरून चालल्या होत्या. दाराच्या रेक्झिनवर ओरखडेच ओरखडे होते, काही जुने, काही ओले.

“परतेक रविवारी आसंच करत्यात,” लालासाहेब म्हणाले. “गाडी चालू झाली की सुरू. मला आधी वाटलं, सवय आसंल हाताची.”

चारुशीलाबाईंनी पंतांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तोंड हसत होतं. डोळे वळून त्यांच्याकडेच लागले होते, आणि त्यांतून पाणी गळत होतं. ते डोळे त्या ओळखत होत्या. त्रेचाळीस वर्षं.

“राहे,” तोंड म्हणालं, “उनात का हुबी ऱ्हातीस?”

लालासाहेब थांबून होते. “काय करू, वैनी? आनू का उद्या?”

 चारुशीलाबाईंना खाटेची कड वाजवणारा हात आठवला. पुढच्या सगळ्या रात्री आठवल्या, ज्या अजून यायच्या होत्या. पाय खरंच दुखत होते.

“नको,” त्या म्हणाल्या. “हेच राहू द्या.”

लालासाहेबांनी पंतांना नमस्कार केला, टोपी घातली आणि ते निघून गेले. नंतरच्या रविवारी गुडघा दुखतो, असा त्यांचा निरोप आला. त्याच्या पुढच्या रविवारी तेवढाही आला नाही.

चारुशीलाबाईंनी पंतांच्या बोटांना मलम लावून पट्टी बांधली. मग स्क्रू-ड्रायव्हर घेऊन डाव्या दाराशी बसल्या. काचपट्ट्या हाताळलेला हात अजून स्थिर होता. हँडलची पिन दहा मिनिटांत निघाली. हँडल त्यांनी जुन्या सामानाच्या डब्यात टाकलं. दारावर बोटाएवढा एक चौकोनी लोखंडी खुंट राहिला. तो निघण्यासारखा नव्हता.

संध्याकाळी त्यांनी किल्ली फिरवली. पाय वर घेऊन बसायचं म्हणून स्टेअरिंगखाली एक पाट ठेवला होता, त्यावर डावा पाय टेकवला.

“जेवलीस का?”

“व्हय,” त्या म्हणाल्या.

दाराच्या बाजूला, पट्टीतून बाहेर आलेली बोटं खुंटापाशी पोचली आणि त्याच्याभोवती खरडू लागली. सावकाश, न थांबता. चारुशीलाबाईंनी तो आवाज थोडा वेळ ऐकला. मग उजवा पाय ॲक्सिलरेटरवर ठेवला आणि तो आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत हळूहळू दाबला.