बरोकवरचा आळ

“थांब, परत वाच!” सनोबर म्हणाली. “नीट वाच. काय लिहिलंय?”

चहाखान्याच्या दारावर डकवलेल्या कागदाचा डिंक अजून ओला होता. एल्मुरोदने सायकल मांडीला टेकवली, घसा खाकरला आणि थेट अध्यक्षांच्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

“कोशतूत मोहल्ल्यातील समस्त रहिवाशांस कळविण्यात येते की, यापुढे कोणतेही पाळीव मांजर गल्लीत मोकाट फिरता कामा नये. फिरताना आढळल्यास ते पोत्यात घालून कालव्यापलीकडे कापसाच्या रानात सोडण्यात येईल. सनोबर हिच्या घरचा बोका बरोक याने सोमवारी अध्यक्षांचा मौल्यवान लावा पक्षी भक्षण केल्याने त्यास कोणतीही सवलत नाही. त्यास शुक्रवारी, नमाजानंतर...”

“भक्षण!” हिलोला खो खो हसत सुटली. “अगं, तुझा बरोक भक्षण कुठला करतोय? तो दिवसभर लोळतो!”

सनोबर हसली नाही. आज बुधवार होता. तराफा बांधायला आणलेली दोरी तिच्या हातातून कधी खाली पडली, तिला कळलंही नाही.

सुट्टी लागून आठवडा झाला होता. आज तराफा कालव्यात सोडायचा, असं तिघांचं पक्कं ठरलं होतं. एल्मुरोद सनोबरचा चुलतभाऊ, तेरा वर्षांचा. हिलोला शेजारची, अकरा वर्षांची. तिची जीभ मात्र पन्नास वर्षांची होती.

चहाखान्यातल्या मोठ्या लाकडी खाटेवर मोहल्ल्यातले सहा-सात मोठे पुरुष चहा पीत बसले होते. सनोबर सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“बरोकनं लावा खाल्ला, हे कुणी पाहिलं?”

“खुद्द अध्यक्षांनी!” एक जण म्हणाला. “संध्याकाळी पिंजरा रिकामा आणि खाली तुझा बोका पंजा चाटत बसलेला!”

“पंजा तर तो रोजच चाटतो.”

“मांजर म्हणजे घाणच,” दुसरा म्हणाला. “माझ्या पिठाच्या डब्यावर येऊन बसतं.”

“पण उंदीर कोण मारतं?” तिसरा हळूच पुटपुटला. तेवढ्यात फाटकातून अध्यक्ष तुर्दाली-अका येताना दिसले, आणि तोच माणूस घाईघाईने म्हणाला, “तरी पण, मांजर म्हणजे घाणच!”

सनोबरने त्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं. एवढ्या दाढ्या, एवढ्या टोप्या, आणि सगळी डोकी एकाच दोरीने हलत होती.

बरोक मुळात तिच्या वडिलांचा बोका. वडील रेशमाचे विणकर होते. ते हिवाळ्यात गेले. तेव्हापासून रोज दुपारी चार वाजता बरोक गल्लीच्या टोकाला त्यांच्या बंद मागघरापाशी जायचा, खिडकीच्या कठड्यावर तासभर बसायचा आणि परत यायचा. त्याला कुणी शिकवलं नव्हतं, कुणी अडवलंही नव्हतं. आता तो कापसाच्या रानात कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी जाणार होता, तोही एका कागदावरून.

“तराफा राहू दे,” ती म्हणाली. “आधी पिंजरा बघायचा.”

“बघायचा कसा? त्यांच्या अंगणात आपल्याला कोण घेईल?”

“त्यांचा वाडगा आमच्याकडे आहे. परवा दह्याचा पाठवला होता.”

कोशतूतमध्ये शेजाऱ्याचा वाडगा रिकामा परत करत नाहीत. सनोबरने तो जर्दाळूंनी भरला आणि तिघं तुर्दाली-अकांच्या अंगणात हजर झाली. त्यांची बायको सोजिदा-खोला वाडगा बघून खूश झाली आणि चहा आणायला आत गेली. तेवढा वेळ पुरेसा होता!

पिंजरा द्राक्षाच्या मांडवाखाली, पुरुषभर उंचीवर टांगलेला होता. वाळलेल्या भोपळ्याचा घुमट आणि खाली जाळीची पिशवी. पिशवीचं तोंड दोरीने आवळून पक्की गाठ मारलेली.

“अरेच्चा!” एल्मुरोद कुजबुजला. “ही गाठ बघ.”

“म्हणजे बरोकनं उडी मारली,” हिलोला बोटं मोजत म्हणाली, “गाठ सोडली, लावा खाल्ला, पिसं झाडून काढली, तोंड पुसलं आणि जाता जाता परत गाठ मारली! हुशार गं तुझा बोका. त्यालाच करा अध्यक्ष!”

“जाळीही फाटलेली नाही,” सनोबर म्हणाली. “आणि दाण्याची वाटी काठोकाठ भरलेली.”

सोजिदा-खोला चहा घेऊन आली. “दाणे मीच घातले होते गं, सोमवारी सकाळी. हे लाव्याला, आमच्या सुलतानला घेऊन चहाखान्यात गेले ना, म्हटलं आल्यावर खाईल.”

“कसं नेलं होतं त्याला?”

“रोज नेतात तसंच. कापडी थैलीत, अंगरख्याच्या बाहीत. पण बघ ना, तो अंगरखाही सापडत नाहीये! हिरव्या रेघांचा चापान, मी स्वतः शिवलेला. विचारलं की खेकसतात.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. हिलोलाने चहाचा घोट घाईने गिळला, नाहीतर तो नाकातून आला असता.

“बोक्यानं चापानही खाल्ला वाटतं,” अंगणाबाहेर पडताच ती म्हणाली.

चहाखान्याचा म्हातारा होशिम-बोबो चहा उकळायच्या सामोवारापाशी एकटाच बसला होता. त्याला कुणी काही विचारत नसे, त्यामुळे विचारलं की तो भरभरून बोलायचा.

“सोमवार? अरे, सोमवारी तालुक्याहून पाटबंधाऱ्याचे निरीक्षक आले होते! पाहुण्याच्या खांद्यावर चापान घालायला नको? नवा आणायचं काम चिटणिसाकडे होतं आणि तो विसरला! फोटोवाला तयार, निरीक्षक तयार, चापानाचा पत्ता नाही. मग आपल्या अध्यक्षांनी काय करावं? उकडतं म्हणून त्यांचा स्वतःचा चापान त्या खिळ्याला टांगलेला होता. तोच ओढला आणि घातला साहेबांच्या खांद्यावर! टाळ्या! फोटो! साहेबांनी घाम पुसला, चापान काढून गाडीत टाकला आणि गेले.”

“आणि सुलतान?”

होशिम-बोबोने मिशीतल्या मिशीत हसत सामोवारची तोटी बंद केली. “मला कुणी विचारलं नाही बाबा.”

“म्हणजे लावा बाहीतच!” एल्मुरोद ओरडला. “चला, अध्यक्षांना सांगू! बिचाऱ्यांना माहीतच नसेल!”

पण तुर्दाली-अकांना माहीत होतं. एल्मुरोदने ‘बाही’ हा शब्द उच्चारताच त्यांचा चेहरा बिटासारखा लाल झाला.

“हळू बोल, गाढवा! पाहुण्याला घातलेला चापान परत मागायचा? त्याच्या बाह्या झटकायच्या? सगळ्या तालुक्यात आपलं हसं होईल!”

“म्हणजे तुम्हाला आठवत होतं?” सनोबरने विचारलं.

“दुसऱ्या दिवशी आठवलं. तोवर बोक्याचं मी सगळ्यांना सांगून बसलो होतो.” ते इकडे तिकडे बघत म्हणाले, “हे बघ पोरी, मांजर काय, दुसरं मिळेल. मोहल्ल्याची अब्रू दुसरी मिळत नाही.”

आजवर सनोबर या माणसाला घाबरत होती. आता मात्र त्यांचं ते पुढे आलेलं पोट, छातीवरचा तो बिल्ला, शब्द तोलून बोलायची ती सवय, सगळंच तिला आतून पोकळ वाटलं. या माणसाची भीती वाटणं आता शक्यच नव्हतं.

गुरुवारी सकाळी हिलोलाचे मामा जर्दाळूंनी भरलेला टेम्पो घेऊन तालुक्याच्या बाजाराला निघाले, तेव्हा क्रेटच्या मधल्या फटीत तीन प्रवासी बसले होते. निरीक्षकांचं घर बाजारात कुणीही सांगितलं असतं, पण विचारायची वेळच आली नाही. पॉप्लरच्या रांगेमागच्या गल्लीत वळताच आवाज आला.

“पिट्-पिल्डिक! पिट्-पिल्डिक!”

“मोजा!” एल्मुरोद म्हणाला.

एका दमात नऊ वेळा, आणि शेवटी घशात अडकलेलं अर्धं “पिट्”. या आवाजाने कोशतूत मोहल्ला दोन वर्षं पहाटे उठत होता. सुलतानच!

दार निरीक्षकांच्या बायकोने उघडलं. तिच्या मागे, घंगाळावर पालथ्या घातलेल्या पिठाच्या चाळणीखाली सुलतान ऐटीत फिरत होता.

“हा? अगं, सोमवारी चापान टांगायला उचलला आणि बाही ओरडली! मी किंचाळलेच! आमचे हे तर कचेरीभर सांगत सुटलेत, काय दिलदार मोहल्ला, चापान दिला तर बाहीत पक्षी घालून दिला!”

तिघांना हसू आवरेना. मग सनोबरने पुरुषभर उंच पिंजऱ्यापासून शुक्रवारच्या पोत्यापर्यंत सगळं सांगितलं. बाईंचं हसू हळूहळू मावळलं.

“एवढ्यासाठी एका मांजराला रानात सोडणार? एक फोन केला असता तर मी स्वतः आणून दिला असता!” तिने सुलतानला थैलीत घालून ती सनोबरच्या हातात ठेवली. “चापान आम्ही ठेवतो. तो परत पाठवला, तर तुमचे अध्यक्ष लाजेनं आजारी पडतील. आणि तसा माणूस आजारी पडला की गावाला जास्त त्रास देतो!”

परतताना टेम्पोत नुसता धिंगाणा चालला होता. अध्यक्षांनी चहाखान्यात बोलावलेली मोहल्ल्याची सभा पाच वाजता होती आणि टेम्पो सव्वाचारला पोचला.

“आधी आईला सांगते!” म्हणत सनोबर घराकडे धावली आणि दारातच थबकली. सकाळी बरोकला आत कोंडून तिने लावलेलं दार उघडं होतं.

“चार वाजल्यापासून दार ओरबाडत होता गं,” आई खाली मान घालून म्हणाली. “मला ऐकवेना.”

तेवढ्यात भिंतीवरून बरोक उतरला. तोंडात काहीतरी होतं. ते त्याने अलगद सनोबरच्या पायाशी ठेवलं आणि कौतुकाची वाट बघत बसला.

पाकोळीचं पिल्लू होतं, अजून गरम. पंख पुरते फुटलेही नव्हते. शेजारी इनोबत-बुवींच्या तंदूरवर छप्पर होतं. त्या छपराखालच्या घरट्याभोवती दोन पाकोळ्या जिवाच्या आकांताने ओरडत घिरट्या घालत होत्या. कोशतूतमध्ये पाकोळीचं घरटं कुणी हलवत नाही. दारातच केलं, तर त्या घरातली माणसं उन्हाळाभर मागच्या दाराने ये-जा करतात.

मागून एल्मुरोद आणि हिलोला आली. त्यांनी पिल्लू पाहिलं.

“पुरून टाकू,” एल्मुरोद म्हणाला. “लवकर. कुणी पाहिलं नाही.”

“आणि आज काहीही बोलू नकोस,” हिलोला म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या आवाजात थट्टा नव्हती. “फक्त आजचा दिवस, सनोबर. लाव्याचं सिद्ध झालं की बरोक सुटला. मग हे कुणाला कळायची गरजच काय?”

सनोबरने बरोकला आत ढकललं आणि दाराला कडी लावली. मग पिल्लू रुमालात गुंडाळलं, पण खड्डा काही खणला नाही.

चहाखान्यात सगळा मोहल्ला जमला होता. तुर्दाली-अका उभे राहून स्वच्छता, शिस्त आणि जबाबदार नागरिक यांवर बोलत होते. त्यांच्या तोंडी हे तिन्ही शब्द शोभत नव्हते, हे ठाऊक असलेली तीन मुलं पहिल्या रांगेत बसली होती.

“...आणि माझा तो निष्पाप सुलतान, ज्याला या क्रूर प्राण्याने...”

“पिट्-पिल्डिक!” सनोबरच्या मांडीवरची थैली म्हणाली.

सभा थिजली. एका दमात नऊ वेळा आणि शेवटी ते अर्धं “पिट्”!

मग काय विचारता! एल्मुरोद उभा राहिला आणि गाठ, बाही, चापान, फोटो, चाळण सगळं सांगून मोकळा झाला. “होय, होय, ह्या खिळ्यावरून ओढला!” होशिम-बोबो सामोवारमागून ओरडला. सोजिदा-खोलाने कपाळावर हात मारला. “माझा चापान!” लोक हसता हसता खाटेवरून घरंगळायचे बाकी राहिले होते.

“मी... मोहल्ल्याच्या अब्रूसाठीच...” अध्यक्ष चाचरले.

“गप बस, तुर्दाली,” इनोबत-बुवी म्हणाल्या. त्या मोहल्ल्यातल्या सगळ्यांत वयस्कर. साठ वर्षं तंदूरवर नान भाजून त्यांचे हात काळवंडले होते. “तुझी अब्रू झाकायला मांजराचं पोतं पुरायचं नाही.”

कालपर्यंत “मांजर म्हणजे घाणच” म्हणणारे आता सर्वांत मोठ्याने ओरडत होते, “सोडा मांजरांना! फाडा तो कागद!” एकाने तर दारावरच्या कागदाकडे हातही नेला. सनोबरला त्या हाताची कालच्या हलणाऱ्या डोक्यांइतकीच किळस आली.

“थांबा,” ती म्हणाली.

तिने रुमाल उलगडून चहाच्या तबकात ठेवला. हसू एकदम थांबलं.

“लावा बरोकनं खाल्ला नव्हता. पण हे त्यानं मारलं. आज, आत्ता. बुवींच्या छपराखालचं.” तिने तबक पुढे सरकवलं. “घरट्यात अजून दोन आहेत. ती उडेपर्यंत मी त्याला बाहेर सोडणार नाही. तो ओरडेल, तरी नाही. त्यानंतर सोडेन, आणि त्याच्याबरोबर जाईन. तुम्ही तुमच्या मांजरांचं काय ते ठरवा. पण पोतं कुणी आणू नका.”

एल्मुरोद मान खाली घालून परत जागेवर बसला.

इनोबत-बुवी काठी टेकत उठल्या. त्यांनी तबकातलं पिल्लू बराच वेळ बघितलं. मग दारावरचा कागद स्वतः काढला आणि उलटा करून तुर्दाली-अकांच्या समोर ठेवला.

“लिही. पाकोळ्यांची पिल्लं उडेपर्यंत मांजरं घरात. पुढे दिवसा मोकळी, संध्याकाळी घरी. आणि खाली लिही, हे सनोबरनं सुचवलं. चूक झाली की ती कशी सांगायची असते, ते बारा वर्षांच्या पोरीनं तुला आज फुकट शिकवलं. लिही, बघतोस काय!”

तुर्दाली-अकांनी लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता बरोकने दार ओरबाडायला सुरुवात केली. सनोबर दाराला पाठ लावून बसली आणि तिने कान दाबून घेतले. एवढ्यात बाहेरून काठीचा ठोका ऐकू आला. इनोबत-बुवी गरम नान घेऊन आल्या होत्या. सनोबरने फटीएवढंच दार उघडून त्यांना आत घेतलं आणि परत दाराला टेकली.

“सरक,” त्या म्हणाल्या आणि तिच्या शेजारी, दाराला पाठ लावून, धपकन बसल्या. “किती दिवस?”

“बारा-तेरा.”

“मला तसंही काम नाही. तू चहा ठेव, दार मी धरते.”

बरोकने आधी सनोबरकडे पाहिलं, मग बुवींकडे पाहिलं. असल्या माणसांशी बोलण्यात काही अर्थ नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तो वळला, त्याने दोघींकडे पाठ केली आणि शेपटीने एकदाच जमीन आपटली.

“बापरे,” बुवी म्हणाल्या, “अध्यक्ष होण्याच्या लायकीचा आहे हा!”

आणि वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच सनोबर त्या घरात खळखळून हसली.