तांबडीची अंडी

मळवलीत कुणाच्या कोंबडीचं अंडं अडलं की धोंडाबाईला बोलावणं यायचं. एरंडेल लावलेल्या बोटाने ती बघता बघता अंडं मोकळं करायची. आपल्या हातून एकही कोंबडी दगावली नाही, हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची.

सन सव्वीसच्या पौषात शेजारची शालू सूप घेऊन परसात आली. सुपात तिच्या तांबडीची चार अंडी होती, बिनकवचाची. धोंडाबाईने एक उचललं, तर ते पाण्याने भरलेल्या पिशवीसारखं बोटांवर लोंबलं.

"मावशी, कुनाची नजर लागली का वं हिला?"

"नजर न्हाई न् काय न्हाई. चुना कमी पडतुया. इंद्रायणीतलं शिंपलं कुटून घाल. आठ दिसांत बग."

आठव्या दिवशी कवच आलं. पंधराव्या दिवशी अंडं चुलीच्या कडेवर आपटलं तरी फुटेना. शालूच्या नवऱ्याने, भिमाजीने, ते वरवंट्याने फोडलं. कवच बोटभर जाड होतं, आतून पिवळट, हाडासारखं.

"आता शिंपलं बंद कर," धोंडाबाई म्हणाली.

"घातलंच कुटं मावशी? नदीवर जायाला पाय उचलंनात माजं."

धोंडाबाईने तिच्याकडे नीट पाहिलं. शालू भिंतीला टेकून उभी होती. तिच्या नडग्या बाहेरच्या अंगाला बाकदार झाल्या होत्या.

"कापतो मी हिला," भिमाजी म्हणाला.

"घालत्या कोंबडीला कापतंय व्हय कुनी? मी न्हेते. असल्या लय बगितल्यात." धोंडाबाईने तांबडीला काखेत मारलं.

चौथ्या दिवशी शालू काठी टेकत अंगणात आली. महिनाभरात काठीही सुटली. धोंडाबाईने साऱ्या आळीला ऐकवलं, "सांगत न्हवते मी?"

तांबडी आता तिच्या टोपलीत रोज घालत होती. पांढरीशुभ्र अंडी. एकमेकांवर आपटली की गोट्यांसारखी वाजायची.

एका दुपारी भात कांडताना धोंडाबाईला घाम फुटला. मुसळ भिंतीला लावून तिने अंगठ्याने कपाळ निपटलं.

अंगठा आत रुतला.

दुखलं काहीच नाही. तिने हात काढला आणि पाण्याच्या घंगाळावर वाकली.

कपाळावर खळगा पडला होता. आता भरेल, मग भरेल म्हणून ती बघत राहिली.

पाणी स्थिर झालं. खळगा तसाच होता.