काहीलीतली पाठमोरी

राजवीर, त्या भिंतीकडच्या खुर्चीवर नको बसूस. इकडं ये, क्रांतीजवळ बस. कारण आत्ता विचारू नको, शेवटी कळेल. शो संपलाय, चहा यायचाय, आणि तुम्ही दोघं मघापासून माझ्या मागं लागलाय की कोपऱ्यातला मोठा प्रोजेक्टर चादरीखाली का झाकलाय. मग ऐका. ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या ओळखीच्या माणसाची आहे, आणि तो याच माडीवर, इथंच बसायचा.

दोन हजार बावीसचा डिसेंबर. मी आणि अण्णासो मगदूम स्टँडवर पार्सल सोडवायला गेलो होतो. मुंबईतलं एक जुनं फिल्म मंडळ बंद पडलं होतं आणि त्यांनी त्यांच्याकडची रिळं आपल्या या फिल्म मंडळाला पाठवली होती. भंगारात जाण्यापेक्षा कोल्हापूरची माणसं बघतील तरी, असा त्यांचा विचार. दोन पोती भरून डबे होते. रिक्षात एक पोतं माझ्या मांडीवर, एक अण्णाच्या.

हा अण्णासो शिरोळकडचा, नदीकाठच्या गावचा. साखर कारखान्यातून रिटायर झालेला. एकोणीसच्या महापुरात घर गेलं, तेव्हापासून कोल्हापुरात पुतण्याकडं राहायचा. आपल्या मंडळात आला आणि चिकटलाच. इराणचा सिनेमा असो, सेनेगलचा असो, नाहीतर जॉर्जियाचा तीन तासांचा, ज्यात माणसं नुसती डोंगराकडं बघत बसतात. पहिल्या रांगेत डावीकडची खुर्ची अण्णाची. माहितीपट असला तर अर्धा तास आधीच येऊन बसायचा. पोरं म्हणायची, काय रसिक माणूस आहे.

रसिक कसला... तो बायकोला शोधत होता.

मला हे त्यानं फार उशिरा सांगितलं. त्र्याऐंशी साली त्यांच्या गावात थंडीच्या देशातली एक गोरी बाई कॅमेरा घेऊन आली होती, गुऱ्हाळावर फिल्म काढायला. कुठला देश, कुणाला ठाऊक नाही. उसाचा रस आटवायची ती मोठी कढई असते की, काहील, तिच्यात बसून बायका नदीपलीकडं जायच्या. तिकडं तेव्हा तीच होडी. त्या दिवशी चारजणी गेल्या. येताना काहील उलटली. तिघी निघाल्या. अण्णाची बायको सीताबाई काही निघाली नाही. बावीस वर्षांची होती, आणि शेवटपर्यंत सापडली नाही.

लग्नातला एक फोटो होता, तो महापुरात गेला. त्यानंतर अण्णाच्या लक्षात आलं की तिचा चेहराच आठवेना. वर्षानुवर्षं फोटो बघत आलेला माणूस, फोटो गेला तसा चेहराही गेला. त्यात डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. नजर आज ना उद्या जाणार, म्हणाले. म्हणून हा गडी जगातला प्रत्येक सिनेमा बघत सुटला होता. कुठल्यातरी एकात ती असणार. डोळे असेपर्यंत ती दिसायला पाहिजे, एवढंच त्याचं मागणं. त्याचे हाल बघून मला भडभडून यायचं, खोटं कशाला बोलू.

आणि त्या पोत्यात ती फिल्म निघाली.

डब्यावर काय लिहिलंय ते वाचता येईना, पण पडद्यावर गुऱ्हाळ आलं तसा अण्णा उठून उभा राहिला. धूर, चरक, मग नदी. चार बायका पाठमोऱ्या उतारावरनं खाली जातात. काहीलीत बसतात. काहील पलीकडं जाते. संपलं. त्या उतरत असतानाच मागनं एका पुरुषाचा आवाज येतो, "अगं ए..." चौघींतली एकही वळत नाही.

तो आवाज अण्णाचाच होता. चौघींत सगळ्यात मागं सीताबाई, भाकरीचं गठुडं विसरून गेलती ती. हा हाक मारत होता, पण चारचौघांत, त्यात कॅमेऱ्यासमोर, बायकोचं नाव कसं घ्यायचं? त्या काळात कोण घ्यायचं? अगं ए कुणालाही असतं. ती वळली नाही.

"नाव घेतलं असतं तर वळली असती," एवढं बोलून तो खाली बसला. मला म्हणाला, "बाळासो, माडीची किल्ली दे मला. रोज बघतो."

मी दिली. एकदा बंद करताना नीट न दिसल्यामुळं त्याच्या हातनं प्रोजेक्टरचा खटका उलट्या बाजूला गेला आणि रीळ मागं फिरायला लागलं. तुम्ही मोबाईलवर असले खेळ करता, पण त्यानं ते पहिल्यांदाच बघितलं. काहील पलीकडनं परत आली. चौघी उतरल्या. आणि ती... पाठमोरीच, मागं मागं चालत, त्याच्याकडं यायला लागली. पडदाभर तिची पाठ झाली आणि तो शॉट संपला.

त्यानंतर त्यानं ती सरळ कधी लावलीच नाही. रोज उलटी. रोज ती परत यायची. मी बजावलं, अण्णा, असं नको करू. गेलेल्याला असं ओढू नये. तर म्हणाला, "तुझं काय जातंय?"

तेवीस तारीख, शुक्रवार. अमावास्या. खालच्या तालमीतली पोरं लवकर गेलेली. माडीवर अण्णा एकटा.

पुढचं त्यानं सांगितलं तसं सांगतो.

काहील आली. चौघी उतरल्या. तिघी तिथंच थांबल्या... रोज थांबत नव्हत्या. ती एकटीच मागं मागं यायला लागली. उतार चढली. पडदाभर पाठ झाली. आता शॉट संपायचा.

संपला नाही.

ती येतच राहिली. प्रोजेक्टरचा आवाज बंद. पण उजेड तसाच. माडीवर नदीचा वास... गाळाचा. बांगड्या वाजल्या. पडद्यावर नाही. खुर्चीच्या पुढं. हातभरावर.

अण्णा खुर्चीतनं अर्धा उठला. पळावं असं वाटलं, म्हणाला. पण पळून जायचं कुठं? उभ्या जन्मात जे केलं नाही ते त्यानं केलं.

"सीता."

बांगड्या थांबल्या.

"सीता... हिकडं बघ की."

आणि ती वळायला लागली...

सकाळी मी आलो तर दार आतनं नुसतं लोटलेलं. खिडकीतनं लख्ख ऊन आलेलं. अण्णा खुर्चीत ताठ बसलेला, डोळे सताड उघडे. पाऊल वाजलं तसं म्हणाला,

"बाळासो, लाईट गेलीया. लाव की."

मी त्याच्या डोळ्यांसमोर हात फिरवला.

"ती वळली रं," तो म्हणाला. "वळली आन् त्याच टायमाला लाईट गेली. श्वास लागला माझ्या तोंडाला. गार. पर दिसलं न्हाय."

मी त्याचा हात धरून उन्हात नेला. ऊन अंगाला लागलं तेव्हा त्याला कळलं. ओरडला नाही, काही नाही. खिडकीचे गज धरून लहान पोरासारखा रडला. मग म्हणाला, फिल्म लाव, तू बघ आणि सांग.

लावली. सरळ लावली. गुऱ्हाळ, धूर, चरक. चारजणी पाठमोऱ्या उतरल्या. मागनं "अगं ए..." काहीलीत बसल्या. तिघी पलीकडं तोंड करून.

चौथी आमच्याकडं.

"कशी हाय?" अण्णा विचारत होता. मी सांगितलं. गोल चेहरा. नाकात चमकी. कपाळाला ठसठशीत कुंकू. तो प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होता. केस ओले होते, कपाळावर चिकटलेले... जाताना कुणी पाण्यात पडलेलं नव्हतं. ते मी बोललो नाही.

"हासतीया काय?"

मी प्रोजेक्टर बंद केला.

दर शनिवारी शो झाला की तेच. बाळासो, लाव. बाळासो, सांग. आणि माझं सांगून झालं की, परत सांग. तुझे डोळे दे म्हणायचा, एकदाच दे. तीन पावसाळे काढले त्यानं तसे.

एक मात्र मी त्याला कधी सांगितलं नाही. ती समोर बघत नव्हती. मान वळवून, तिरकी, डावीकडं बघत होती. पहिल्या रांगेतल्या डावीकडच्या खुर्चीकडं.

गेल्या श्रावणात अण्णा गेला. डावीकडं छत गळायला लागलं म्हणून मी त्याची खुर्ची उचलून तिकडं, उजव्या भिंतीला नेऊन ठेवली. मघाशी तू बसायला निघालास तीच, राजवीर. त्याच्या महिन्याच्या दिवशी फिल्म एकदा लावली, त्याची आठवण म्हणून. मी एकटाच होतो.

काहील निघाली. तिघी पलीकडं तोंड करून. चौथी आमच्याकडं.

मान उजवीकडं होती.