उत्तर देणारी व्यक्ती

ऑफिसात तिला सगळे आकडेबाई म्हणत, आणि तिला ते आवडायचंही. माणसं शब्द फिरवतात, आकडा फिरवत नाही, असं तिचं ठाम मत. त्या दुपारी ती चार वर्षांपूर्वीच्या आरोग्य सर्व्हेचे फॉर्म उपसत बसली होती. तेव्हा घरोघर फिरून गोळा केलेल्या माहितीवरूनच आजारी माणसांचं जगणं किती सुसह्य आहे, ते शंभरपैकी गुणांत मांडायचं होतं. नव्याने दारं ठोठावायला सवड कुणाला होती?

अट एकच. उत्तरं ज्याची त्यानेच दिलेली हवीत. माणूस घरी नसला की घरातलं दुसरं कुणी सांगे आणि ‘उत्तर देणारी व्यक्ती’ या रकान्यात मुलगा, सून असं काहीतरी लिहिलेलं असे. असे फॉर्म बाद. ते ती बाजूला रचत होती.

त्यात ऑफिसच्या शिपाईकाकांचा फॉर्म निघाला. उत्तर देणारी व्यक्ती: बायको. ‘उजव्या डोळ्याने दिसत नाही.’

तिने फॉर्म ठेवला आणि पुन्हा उचलला. काकांचा डोळा गेला तो गेल्या वर्षी. तारीख तर चार वर्षांपूर्वीची होती.

“काका, सर्व्हे झाला तेव्हा डोळा कसा होता तुमचा?”

“ठणठणीत. सुईत दोरा ओवायचो की. का हो बाई?”

“सहज विचारलं.”

तिने बाद गठ्ठ्यातले आणखी सहा फॉर्म काढून दवाखान्याच्या नोंदींशी ताडून पाहिले. मोडलेला खुबा, लुळा पडलेला हात, गेलेली वाचा. सगळं लिहिलेलं आधी, घडलेलं नंतर. स्वतः उत्तरं दिलेल्यांत असा एकही फॉर्म नव्हता.

सर्व्हेवाले तिच्या घरी आले तेव्हा ती ऑफिसात होती. घरी एकटी आई होती.

तिने आपल्या घराचा फॉर्म शोधला.

उत्तर देणारी व्यक्ती: आई. ‘डाव्या पायाला काही कळत नाही. चालता येत नाही. अंघोळ मी घालते.’

सवयीने तिने गुण काढले. शंभरपैकी अकरा.

तिने आईला फोन लावला. दोनदा चुकीचा नंबर लागला.

“आई, त्या सर्व्हेत माझ्याबद्दल काय सांगितलं होतंस?”

“काय सांगणार? पोरगी धडधाकट आहे, लग्नाचं तेवढं नाव काढत नाही, म्हटलं. ते थोडंच लिहून घेणार होते ते?”

तिला हसू फुटलं. डोळ्यांत पाणीही आलं.

“नक्की एवढंच?”

“एवढंच गं. आणि पाय बरा आहे का आता?”

“कुठला पाय?”

“सकाळी जिना उतरताना डावा ओढत होतीस. मी वरून बघत होते. बूट चावतोय का?”

तिने खुर्ची मागे सरकवून टेबलाखाली पाहिलं.

डाव्या पायात बूट नव्हता. तो तिकडे दाराशी पडला होता, सकाळी ती आत आली तिथेच.