गवतावरचं कार्ड

आमच्या जॅनिसने दुसरं लग्न केलं त्या वर्षीची ही गोष्ट. लग्न उन्हाळा सरता सरता झालं. माझी बायको बेरिल मुलीच्या लग्नाला जाऊ शकली नाही. तिची फुप्फुसं थकली होती. नाकात प्राणवायूची नळी, खाटेला लावून कॉम्प्युटर आणि खाटेखाली आमचा कुत्रा, स्नॅप. मेलबर्नपासून दूर, हॉर्शम गावातल्या त्या घरात तिचं जग एवढंच उरलं होतं.

कॉम्प्युटरवर ती विमान उडवायची. खेळातलं. हॉर्शमहून निघायची ती कापलेल्या गव्हाच्या शेतांवरून उत्तरेला, कोरड्या हिंडमार्श तळ्यापर्यंत. तळ्याकाठी तिचं माहेर होतं. ते घर फार पूर्वी वणव्यात जळालं. आता तिथे नुसती धुराड्याची विटांची चिमणी उभी आहे. खेळात तीही नव्हती, फक्त पिवळी जमीन. त्या जमिनीवर एकदा नीट उतरायचं, बाकी काही नको, असं ती म्हणायची. आणि नेमकं उतरताना पडद्यावर चौकोन उमटायचे, चित्र फाटायचं आणि सगळं काळं व्हायचं.

ग्राफिक्स कार्ड गेलंय, असं लोरेलने सांगितलं. तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान रेल्वेफाटकाजवळ. मी जन्मभर मेंढ्यांची लोकर कातरली. अक्षरं मला बेरिलने केस पिकल्यावर शिकवली. खोक्यांवरचं बारीक लिखाण मी सावकाश वाचलं. नवं कार्ड विटेहून लांब, आमच्या कॉम्प्युटरच्या पेटीत मावणारं नव्हतं. मावलं असतं तरी आमचा जुना पॉवर सप्लाय त्याला पुरला नसता. लहान कार्ड मावत होतं, पण त्याला विंडोज नवी हवी होती, आणि ती आमच्या यंत्राला झेपणारी नव्हती.

"काका, तुमची पेटी म्हणजे म्हातारी मेंढी," लोरेल म्हणाली. "तिला दात बसवून काय उपयोग?"

"मेंढी कुणाची आहे ते बघ," मी म्हणालो.

तिने वही ओढली. मग मेलबर्नहून एखादं जुनं मागवते म्हणाली. ईस्टरनंतर येईल. मला ईस्टर फार लांब वाटला.

त्याच आठवड्यात मोठा कचरा उचलणारी गाडी यायची होती. त्या दिवसांत लोक मोडक्या खुर्च्या, गाद्या घरापुढच्या गवतावर आणून ठेवतात. ज्याला हवं त्याने न्यावं. मालकाला विचारणं बरं दिसत नाही. आमच्या रस्त्याच्या टोकाला गवतावर एक कॉम्प्युटर उघडा पडला होता. आतलं कार्ड आमच्याच मापाचं, आमच्याच काळातलं. मी ते काढत असताना दारात एक बाई येऊन उभी राहिली.

"न्या," ती म्हणाली. "फक्त परत आणू नका."

कार्ड सहज बसलं. चित्र इतकं स्वच्छ आलं की बेरिल किती दिवसांनी हसली. ती उत्तरेला निघाली. तळ्याकाठी चिमणी उभी होती.

खेळाने नवा नकाशा उतरवून घेतला असेल, असं मी म्हटलं. पण आमच्याकडे इंटरनेट नव्हतं. आणि कार्डात काही साठून राहत नाही, वीज गेली की ते कोरं होतं, हे लोरेलनेच मला समजावलं होतं.

दुसऱ्या दिवशी चिमणीभोवती भिंती आल्या. मग पत्र्याचं छप्पर, पाण्याची टाकी. मग व्हरांडा आणि त्यात दोन खुर्च्या. बेरिल वरून बघायची, पण उतरायची नाही. एका दुपारी चिमणीतून धूर निघत होता.

"ते घर जळालंय, बेरिल."

"मला सांगतोस? बादल्या मी ओतल्यात तिथे."

"कार्ड काढून टाकू?"

तिने नाकातली नळी सारखी केली. नळीचा आवाज येत होता.

"चहाला बोलावलेल्या माणसाने घरावरून किती घिरट्या घालायच्या, क्लेम?"

ईस्टरच्या सोमवारी सकाळी मी टोस्ट भाजत होतो. आतून चाकं जमिनीला टेकल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने इंजिन थांबलं.

मी आत गेलो. तिचा हात विमान चालवायच्या दांड्यावरून खाली ओघळला होता.

पडद्यावर विमान घरासमोर उभं होतं.

त्याचं दार उघडं होतं. त्या खेळात दार उघडत नाही.

दफन झाल्यावर लोरेलचा फोन आला. मेलबर्नचं कार्ड आलंय, काका, अगदी फिट बसेल. मी नको म्हणालो. मग कॉम्प्युटर लावला. मला विमान उडवता येत नाही. उडवावं लागलंही नाही. पडदा उजळला तो त्या व्हरांड्यासमोरच. एका खुर्चीच्या पाठीवर निळा स्वेटर टाकलेला होता. तो मी बेरिलला दफनापूर्वी शेवटचा घातला होता.

पडद्यावरच्या त्या घराच्या फाटकाशी स्नॅप बसला होता.

मी खाटेखाली पाय सरकवला. स्नॅप तिथेच होता. उबदार, झोपेत.

बेरिल ईस्टरच्या सोमवारी गेली. स्नॅप त्याच एप्रिलमध्ये, अँझॅक डेच्या, म्हणजे सैनिकांच्या स्मरणदिनाच्या, आदल्या दिवशी. दुसरी खुर्ची अजून रिकामी आहे.