उजव्या कानाशी

हे घडलेलं आहे.

ऐकीव म्हणाल तर ऐकीवच, पण एकाच तोंडून ऐकलेलं. माझी आई, गंगा, त्या खोलीत होती. तेव्हा ती पंधरा वर्षांची. पुढं जन्मभर तिनं हे जेव्हा जेव्हा सांगितलं, तेव्हा त्यातला एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. तिखटमीठ लावायचा तिचा स्वभावच नव्हता.

साल १९३६. पौष महिना. काशी.

दूधविनायकाच्या गल्लीत आईचं माहेर. माझे आजोबा काशीनाथशास्त्री न्यायशास्त्र शिकवायचे. ईश्वर आहे, हे तर्कानं सिद्ध करून दाखवण्यात त्यांचा हात धरणारा त्या भागात कुणी नव्हता.

आणि त्यांचा एकुलता एक मुलगा, माझा मामा ढुंढिराज, पक्का नास्तिक.

मामा शाळेत सायन्स शिकवायचा. संध्या सोडलेली. जानवं खुंटीला. रोज जेवताना बापलेकांची बहस जुंपायची. आजी वाढायला थांबलेली, भात गार होतोय, आणि हे दोघं उष्ट्या हातानं मुद्दे मांडतायत. पण ते भांडण नव्हतं. आई म्हणायची, "एक जण गावाला गेला, तर दुसऱ्याला जेवण जायचं नाही."

एक विषय फिरून फिरून यायचा.

काशीत माणूस मरतो, तेव्हा विश्वनाथ स्वतः येतो. मरणाऱ्याच्या उजव्या कानाशी वाकतो आणि तारक मंत्र, म्हणजे रामनाम, सांगतो. मग त्या जिवाला पुन्हा जन्म नाही. गल्लीतलं शेंबडं पोरही हे मानायचं.

"कुणी ऐकलंय?" मामा विचारायचा.

"ज्यानं ऐकलं तो सांगायला परत येत नाही, ढुंढी."

"मग सिद्ध कसं झालं, बाबा?"

एका रात्री आजोबा हसले. म्हणाले, "माझ्या वेळी तू जवळ बस. ऐकू आलं, तर मी तुला सांगेन. नाही आलं, तर तेही सांगेन. तुला माहीत आहे, मी खोटं बोलत नाही."

"कबूल," मामा म्हणाला.

आजी चिडली. "जेवताना हे काय अभद्र!"

सगळे हसले. विषय तिथंच संपला.

त्याच थंडीत आजोबांना न्युमोनिया झाला.

त्या वर्षी कोहरा भयंकर पडला होता. आमच्या घरात धुक्याला कोहराच म्हणतात. दुपारीसुद्धा समोरच्या घराची खिडकी दिसत नव्हती. ऊन नाही, सावली नाही. नुसता राखाडी उजेड.

डॉक्टरांनी सकाळीच मामाला बाजूला घेऊन सांगितलं होतं. आजोबांना खाली, जमिनीवर घेतलं. गादी भिंतीला लागून घातली होती. उजवी बाजू भिंतीकडं.

आजोबांनी हातानं खूण केली. सरकवा.

कुणाला कळेना. मग आजीच्या लक्षात आलं. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "उजवीकडं जागा ठेवा म्हणतायत."

मामा उठला. त्यानं उशाकडून धरलं, आईनं पायाकडून. आजोबांच्या अंगात काही उरलंच नव्हतं. गादी सहज सरकली. भिंत आणि गादी यांच्यामध्ये एक माणूस बसेल एवढी जागा झाली.

"पुरे एवढी, बाबा?" मामानं विचारलं.

त्याच्या आवाजात टिंगल नव्हती, आई सांगायची. अगदी साधं विचारलं त्यानं.

आजोबांनी मान हलवली.

दुपार झाली. आजी गंगाजल आणायला खाली देवघरात गेली. आई पायाशी बसून तळवे चोळत होती. मामा डाव्या बाजूला, आजोबांचा हात हातात घेऊन.

आणि आईला जाणवलं... काहीतरी थांबलंय.

मणिकर्णिकेकडं जाणाऱ्या तिरड्या त्या गल्लीच्या तोंडावरूनच जायच्या. "राम नाम सत्य है" दिवसभर कानावर पडायचं. इतकं, की ते ऐकू येतंय हेही कळायचं नाही.

ते येत नव्हतं.

छतावर माकडं नव्हती.

संकठाच्या देवळातली घंटा नव्हती.

खाली आजी भांडी हलवत होती, तोही आवाज नाही. कानात कापूस भरावा, तसं झालं होतं. फक्त आजोबांचा श्वास... घर्र... घर्र...

आजोबांनी डोळे उघडले.

"ढुंढी..."

"बोला, बाबा."

"काही ऐकू येत नाही रे."

मामा आणखी जवळ सरकला.

"येणार असतं तर आत्तापर्यंत..." त्यांना धाप लागली. "काहीच नाही. तुला सांगतो म्हणालो होतो. काहीच नाही रे, ढुंढी."

त्यांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी उशीवर उतरलं. जन्मभर शेकडो मुलांना शिकवलेला माणूस. आई म्हणायची, त्यांना मरणाची भीती नव्हती. त्यांचं सगळं शिकवणंच खोटं ठरत होतं, आणि ते स्वतःच्या तोंडानं कबूल करत होते.

मामा जिंकला होता. पण इतका हरलेला चेहरा आपण पुन्हा पाहिला नाही, असं आई सांगायची.

"येईल, बाबा," मामा म्हणाला. "थोडं थांबा. येईल."

मग तो उठला.

गादीला वळसा घालून उजव्या बाजूला गेला. आईनं त्याच्याकडं पाहिलं आणि तिला कळलं. जन्मात देवाचं नाव न घेतलेला आपला दादा आता बाबांच्या कानात रामनाम सांगणार आहे. आवाज बदलून. बाबांना वाटावं, की तो आला.

मामा गुडघे टेकून त्या जागेत वाकला...

आणि अर्ध्यातच थांबला.

"दादा?"

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं पुन्हा वाकायचा प्रयत्न केला. त्याचा हात हवेत कशाला तरी लागला आणि चटका बसावा तसा मागं आला.

त्यानं नंतर आईला सांगितलं. तिथं पाठ होती. कुणाची तरी वाकलेली पाठ. ओल्या कापडाची. गार.

तिथं आधीच कुणीतरी बसलं होतं.

आईला कुणी दिसलं नाही. तिला फक्त गादी दिसली. गादीची उजवी कड... हळूहळू... दबत होती. कोपर टेकून कुणी खाली झुकावं, तशी.

आजोबांचा चेहरा उजळला.

"ढुंढी..." ते पुटपुटले. "आलं... कुणीतरी..."

आणि मग तो आवाज आला.

"कोणी नाही, बाबा."

तो मामाचा आवाज होता.

आईनं मामाकडं पाहिलं. त्याचं तोंड मिटलेलं होतं. दातांखाली ओठ इतका घट्ट धरलेला, की रक्त आलं होतं.

"कोणी येणार नाही, बाबा. कोणी नव्हतंच."

आवाजात राग नव्हता. उलट माया होती. वर्गातल्या मंद मुलाला मामा जसा न कंटाळता समजावायचा, अगदी तसा. आजोबांच्या कानाच्या अगदी जवळून.

"मी नाही!" मामा ओरडला. "बाबा, मी बोलत नाही! इकडं बघा, माझ्याकडं बघा!"

"कोणी नव्हतंच, बाबा."

आता खोलीत एकच आवाज दोन जागांहून येत होता. आजोबांची नजर केव्हाच अधू झाली होती. त्यांना फक्त ऐकू येत होतं. आणि दोन्ही आवाज त्यांच्या मुलाचेच होते.

मामानं त्यांच्या कानावर हात ठेवायला धाव घेतली. हात पोचेना. मध्ये काय होतं ते दिसत नव्हतं, पण हात पोचत नव्हता. आईनं पायाकडून गादी ओढली. सकाळी सहज सरकलेली गादी तसूभर हलली नाही. तिला मोठ्यानं रामनाम म्हणायचं होतं, तो आवाज बुडवायचा होता. घशातून श्वाससुद्धा निघेना.

दोघं भावंडं. एक मानणारी, एक न मानणारा. दोघांनाही काही करता आलं नाही.

आजोबांचा चेहरा विझला. त्यांनी फार कष्टानं मान डावीकडं वळवली. मघाशी मुलगा जिथं बसला होता, तिकडं.

"ढुंढी," ते म्हणाले, "आता तरी गप्प बस रे."

ते शेवटचं.

श्वास थांबला, तरी तो आवाज थांबला नाही. आणखी एकदा म्हणाला, "कोणी ना..."

आणि मध्येच तुटला.

त्याच क्षणी बाहेरून सगळं एकदम आत आलं. माकडं, घंटा, गल्लीतलं "राम नाम सत्य है". इतकं मोठ्यानं, की आईनं कान झाकले.

दारात आजी उभी होती. हातातलं गंगाजल पायावर सांडलेलं. जिन्यातून वर येताना तिनं "कोणी नव्हतंच, बाबा" एवढंच ऐकलं होतं.

"जाता जाताही सोडलं नाहीस त्यांना?" ती मामाला म्हणाली.

"आई, दादा नव्हता तो!" गंगा रडत म्हणाली. "त्याचं तोंड बंद होतं. मी पाहिलं!"

"पोटच्या पोराचा आवाज मला कळत नाही?"

मामा काहीच बोलला नाही. तोंड उघडलं असतं, तर तोच आवाज निघाला असता.

मणिकर्णिकेवर त्यानं सगळं केलं. क्षौर, अग्नी, पिंड. एका अक्षराचा वाद घातला नाही. आजीला वाटलं, पाप केलंय म्हणून करतोय. ती पुढं त्याच्याशी मरेपर्यंत बोलली नाही. ताट वाढायची आणि पाठ फिरवायची.

मामानं आपल्या नास्तिक मित्रांना सांगितलं. ते म्हणाले, शोकात असे भास होतात. घाटावरच्या पंडितांना सांगितलं. ते म्हणाले, पिशाच्च असेल, शांत करून घे. मामा दोन्हीकडून परत आला.

एकदा तो आईला म्हणाला, "गंगे, काय होतं ते, याचं मला आता काही नाही. बाबांना एकदाच सांगायचंय, की तो मी नव्हतो. पण सांगू कुठं? त्यासाठी बाबा कुठंतरी असायला हवेत. आणि मला तर ते पटत नाही."



पुढं मामा नोकरीसाठी अलाहाबादला गेला. तिथंच कॉलऱ्यानं गेला. जवळ कुणी नव्हतं. तेच बरं झालं, असं आई म्हणायची.

आईचं सासर काशीतच. सगळा संसार तिथंच झाला. पण तब्येत ढासळायला लागली, तसा तिनं एकच धोशा लावला. मला इथून ने. लोक मरायला काशीत येतात, आणि ही काशीची लेक मरायला काशीतून बाहेर पडली. मी तिला जबलपूरला माझ्या घरी आणलं.

दवाखान्यात नेण्याआधी तिनं मला जवळ बसवलं.

"शेवटी माझ्यापाशी एक शब्दही बोलू नकोस," ती म्हणाली. "आई म्हणून हाकसुद्धा मारू नकोस. म्हणजे जे ऐकू येईल, ते तू नाहीस, एवढं तरी मला कळेल."

मी ऐकलं तिचं. भर दुपार होती. वॉर्डात पंखा फिरत होता. नर्स येत-जात होत्या. मी तिचा हात धरून बसलो होतो. ओठ घट्ट मिटून.

तिला हाक मारायची फार इच्छा होत होती.

ती माझ्या डोळ्यांकडं बघत नव्हती. माझ्या ओठांकडं बघत होती. एकटक. बराच वेळ.

मग तिनं माझा हात घट्ट दाबला. आणि नाही, नाही, अशी मान हलवली.

मी काहीच बोललो नव्हतो.