मेमसाहेब पॉइंटवरचं धुकं

करंजमाथ्याच्या मेमसाहेब पॉइंटवरून आता सगळं स्पष्ट दिसत होतं आणि तेजूनानांची नेमकी हीच अडचण होती.

नानांचं पूर्ण नाव शिवतेज शेलार, धंदा गाइडचा. त्यांच्या तरुणपणी इथे धुकं इतकं दाट असे, की माणसाला शेजारी उभी असलेली स्वतःची बायको चाचपून शोधावी लागे. नाना कठड्याशी उभे राहून जे दिसत नाही ते सांगत. खाली किल्ला, त्याच्या डाव्या अंगाला नदी, नदीत मगरी. मगरी नानांनी पदरच्या घातल्या होत्या. लोक समोरच्या पांढऱ्या पडद्याकडे बघून माना डोलवत आणि तृप्त होऊन भजी खायला जात.

२०७८ साली धुकं उरलं नव्हतं. दरी लख्ख दिसे, नदी कोरडी दिसे आणि मगरी नाहीत हे शेंबडं पोरही सांगे. थंड हवेच्या ठिकाणी आलेली माणसं घाम पुसत परत जात. नाना कठड्यावर एकटेच बसत. आपण एवढे दिवस दरी नव्हे, धुकंच विकत होतो, हे त्यांना फार उशिरा कळलं होतं.

मग डॉ. रेवा गुर्जर आल्या. हवामानशास्त्रज्ञ असून गप्पिष्ट. नानांना त्यांनी सगळं चहाच्या टपरीवर समजावून दिलं. हवा जितकी गरम, तितकी तिच्या पोटात वाफ जास्त मावते. समुद्रावरून घाट चढणारा वारा पूर्वी माथ्यावर येईपर्यंत गार होऊन वाफ सोडून द्यायचा, त्याचंच धुकं व्हायचं. पृथ्वी तापल्यावर तोच वारा वाफ तशीच पोटात घेऊन पुढे निघून जाऊ लागला. रेवाबाईंनी यावर धुकेबीज शोधलं होतं. हे मिठासारखे पाणी ओढणारे, डोळ्यांना न दिसणारे कण. हवा वाफ सोडायला राजी नसली तरी हे कण ती काढून घेत आणि प्रत्येकाभोवती एक थेंब जमे.

नगरपालिकेने कड्याच्या पोटाला धुकेबीज सोडणाऱ्या नळ्या बसवल्या. बटण नानांकडे आलं, कारण दिवसभर कठड्याशी दुसरं कुणी नसे. पहिल्या दिवशी दरीतून पांढरं काही वर येऊ लागलं आणि बघता बघता किल्ला गेला, नदी गेली, रेवाबाईही दिसेनाशा झाल्या. नानांना रडू आलं. धुक्यात ते कुणाला दिसलं नाही, हे बरंच झालं.

हिवाळ्यात करंजमाथ्याची लॉजं भरली, ट्रंकांमधले स्वेटर बाहेर आले आणि नदीत मगरीही परतल्या.

पौषात नानांची लेक कनक माहेरी आली. तिचं सासर पळसगाव, पूर्वेला घाटाच्या पाठीशी, तासाभराच्या वाटेवर. दरवर्षी ती शाळूचा, म्हणजे दवावर येणाऱ्या हिवाळी ज्वारीचा, हुरडा आणायची. यंदा तिने बाजारातली मक्याची कणसं आणली. शाळू पोटरीतच राहिला, कणीस बाहेरच आलं नाही, ती हसत म्हणाली, यंदा दवच पडलं नाही. हुरड्यासाठी खास आलेल्या रेवाबाईंनी मात्र पळसगावची वाट विचारून घेतली.

दुसऱ्या दिवशी त्या पळसगावी जाऊन हवा मोजून आल्या आणि थेट पॉइंटवर गेल्या.

"नाना, मला वाटत होतं मी धुकं तयार केलं. मी नुसती पुढे जाणारी वाफ अडवली. हाच वारा पुढे पळसगावावर जातो आणि रात्रीच्या गारव्यात त्याचं दव होतं. आता तो इथूनच कोरडा होऊन निघतो."

"थोडी वाफ तर जात आसंल की."

"जाते. पण शाळूला पुरत नाही. नगरपालिकेला विचारलं तर ती चालूच ठेवा म्हणेल. म्हणून आधी तुमच्याकडे आले."

नानांनी त्याच दिवशी बटण बंद केलं. त्यांना लेकीपुढे धुकं काय मोठं होतं? पण आठवडाभरात लॉजं रिकामी झाली, भजीवाला त्यांच्याशी बोलेना आणि नाना पुन्हा कठड्यावर एकटे बसले. हे कनकच्या कानावर गेलं तशी ती पुन्हा आली.

"नाना, रविवारी लावा. फक्त रविवारी."

"आन् तुझा शाळू?"

"सहा दिवसांच्या दवावर येईल तेवढा येईल. आजवर माहेरातनं नेलंच की. आता एवढं देऊ दे."

पुढल्या रविवारी धुकं आलं. कठड्याशी गर्दी झाली. नानांनी किल्ला सांगितला, नदी सांगितली, मगरी सांगितल्या. मग ते वळून दरीकडे पाठ करून उभे राहिले. तिकडेही पांढरंच होतं.

"आन् या बाजूला पळसगाव," ते म्हणाले. "तिथं माझ्या लेकीचा शाळू हाय. पाव्हणं, तुमच्या चष्म्यावर जमलंय ना, ते तिच्या रानातलं दव."

लोक खळखळून हसले. मगरींपेक्षा ही थाप त्यांना जास्त आवडली. त्या पाहुण्याने चष्मा काढला, रुमालाने नीट पुसला आणि ओला रुमाल खिशात ठेवला.